निकम सरांचा ‘पण’

जग बुडणार असल्याची बातमी निकम सरांना कुणी आणून दिली की ते आधी वेळ विचारत. “किती वाजता म्हणालात? नाही, म्हशीची धार काढायची राहिलीय.” हे अगदी गंभीर चेहऱ्यानं. सांगणारा मजेत असेल तर विषय तिथंच संपायचा. तो खरंच घाबरलेला असेल तर सरांना ते कसं कोण जाणे, लगेच कळायचं. मग ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत आणि म्हणत, “आता पहिल्यापासून सांगा. काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं. गाळू नका काही.”

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच हृदय थांबलं, पाटणच्या वर, बहिणीच्या घरी. शाळेत शोकसभा झाली. ‘ज्ञानाचा सूर्य मावळला’ असं एकजण म्हणाले आणि भर सभेत मला हसू फुटायची वेळ आली, कारण सर शेजारी असते तर कानाशी पुटपुटले असते, “बाई, सूर्य मावळत नाही, आपण फिरतो.” माझी बोलायची पाळी आली तेव्हा मात्र मी, जन्मभर मराठी शिकवलेली बाई, दोन वाक्यं धड बोलू शकले नाही. घरी येऊन स्वतःचाच राग राग आला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची शाळा कराडच्या पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मिलिटरीत. मी मलकापूरहून जाऊन येऊन करायची, सर गावातच राहायचे. उंची बेताची, अंग आडवं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. घरात सर आणि म्हैस. उजव्या खिशात पितळी होकायंत्र, मिलिटरीतल्या चुलत्यानं दिलेलं. मोबाईल डाव्या खिशात, कारण मोबाईल शेजारी आला की होकायंत्र बावचळतं. पोरं हातात मोबाईल घेऊन त्यांच्या खांद्यावरून वाकली की म्हणायचे, “जरा लांब व्हा. त्याला दिशा कळू द्या.”

भूगोल शिकवायचे. मुलांना ते आवडत, आणि मुलं त्यांच्या तासाला कंटाळतही असत, हेही सांगायला हवं. सरांना कुठलीच गोष्ट झटकन संपवता येत नसे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागणाऱ्या प्रश्नालाही ते “थांबा” म्हणत. मी स्वतः कित्येकदा वैतागले आहे. एकदा मी सहज विचारलं, “सर, आज पाऊस पडेल का हो?” तर वारा, ढग आणि खात्याचा अंदाज यांची एवढी फोड करून सांगितली की तोवर पडून गेला.

रोज सकाळी शाळेच्या आधी ते डेअरीत दूध घालायला जात. तिथं सगळ्यांच्या दुधाचा नमुना काढतात, यंत्राला लावतात आणि फॅट किती लागली ते सांगतात. आमच्याकडं माणसं एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी फॅट विचारतात. सरांनी तोच शब्द उचलला. स्टाफरूममध्ये कुणी मोबाईलवरचा मेसेज वाचून दाखवला की सर म्हणायचे, “आणा इकडं. फॅट लावून बघू.”

त्यांची पद्धत ठरलेली. मेसेज कितीही बिनडोक असो, त्यात खरं किती ते ते आधी सांगत. खोटं काय ते नंतर. मी एकदा म्हटलं, “सर, उलटं करा ना. आधी खोटं आहे म्हणून टाका, म्हणजे माणूस मोकळा होतो.”

“नाही बाई. नुसतं पाणी घेऊन डेअरीत कुणी येत नाही. त्यात दूध असतंच. मी आधीच पाणी पाणी म्हणून ओरडलो तर तो चिडतो, कारण दूध आहे हे त्याला माहीत असतं. मग तो माझं पुढचं ऐकतच नाही. आधी त्याचं दूध मोजून द्यावं. मग सावकाश म्हणावं, पण.”

हा त्यांचा ‘पण’ शाळेत प्रसिद्ध होता. सरांचं वाक्य सुरू झालं की पोरं बोटांवर काहीतरी मोजत बसायची, आणि ‘पण’ आला की सगळा वर्ग एकदम सुस्कारा सोडायचा. व्याकरणात आम्ही त्याला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतो. मी सरांना चिडवायची की तुमच्या एका अव्ययावर माझा अख्खा धडा शिकवून होतो.

ध्रुव फिरणार असल्याचा व्हिडिओ आमच्याकडं आला तो असाच, स्टाफरूमच्या ग्रुपवर. मागं बर्फाचे डोंगर, पुढं एक दाढीवाला माणूस, आणि आवाज असा की चहा गार व्हावा. पृथ्वीचे ध्रुव सरकत आहेत, शास्त्रज्ञ लपवत आहेत, लवकरच उत्तरेची दक्षिण होईल, पृथ्वी कलंडेल आणि समुद्र सह्याद्रीवर चढेल. आमचे मुख्याध्यापक भित्रे नाहीत. तरी त्यांनी विचारलं, “निकम सर, हे काय आहे हो?”

सर उठले आणि फळ्यापाशी गेले. “दूध बघा किती आहे. होकायंत्र ज्या ध्रुवाकडं बघतं तो खरंच सरकतोय. कॅनडाकडून रशियाच्या अंगाला चाललाय. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड ढवळतंय, त्यातून हे चुंबकत्व येतं, आणि ते काही कुणी खुंटीला बांधलेलं नाही. गेल्या दीडदोनशे वर्षांत चुंबकत्वाचा जोर थोडा घटलाय, हेही खरं. आणि पूर्वी उत्तरेची दक्षिण झालेली आहे, एकदा नाही, कित्येकदा. हेही खरं.”

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मी सरांना म्हटलं, “आवरा लवकर, ह्यांना घाम फुटलाय.”

“पण,” सर म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला, “शेवटचं उलटलं त्याला सात-आठ लाख वर्षं झाली. उलटायला हजारो वर्षं जातात. त्या वेळी माणसाचे पूर्वज होते, हत्ती होते, कुणी त्यानं संपलं नाही. आणि उलटतं ते चुंबकत्व. पृथ्वी आपली आहे तशीच फिरत राहते. समुद्राला तर ह्याचा पत्ताही लागत नाही. फार तर चुंबकत्व फारच कमी झालं तर उपग्रहांना, विजेच्या तारांना त्रास होईल, त्याची काळजी करणारी माणसं आहेत. बास. तीन फॅट लागली. उरलेलं नळाचं.”

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. “ह्यात निम्मा घोळ तुमच्या मराठीचा आहे, बाई.”

मी म्हटलं, “आता माझं काय?”

“तुम्ही वर्गात काय शिकवता? ध्रुव म्हणजे अढळ. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं. अढळ गोष्ट ढळली म्हटल्यावर माणसं घाबरणार नाहीत तर काय करतील? बरं, ध्रुव तरी किती. आकाशातला तारा ध्रुव, पृथ्वीच्या आसाचं टोक ध्रुव, होकायंत्र बघतं तोही ध्रुव. एका घरात तीन भावांचं नाव एकच ठेवलं, मग तलाठ्यानं काय करावं?”

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. नंतर गावात तेच झालं. शिंदे तात्या म्हणून एक म्हातारे शेतकरी, शब्दाचे पक्के, ते शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, तुमी सांगताय भिऊ नगा. पन म्या माज्या डोळ्यानं बगितलंय. ध्रुव आपल्या मारुतीच्या कळसावर असायचा. जलम गेला बगन्यात. आता डाव्या अंगाला हाय. चांगला हातभर.”

सर त्या दिवशी दिवेलागणीला तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. माझी एस.टी. चुकलेली, म्हणून मीही होते. आमच्याकडून ध्रुवतारा बराच खाली दिसतो, तात्यांच्या ओट्यावरून नेमका देवळाच्या माथ्याशी. तारा उगवल्यासारखा दिसू लागला तसं सरांनी एक डोळा मिटून बघितलं. म्हणाले, “खरंय तात्या. कळसावर नाही. डावीकडंच आहे.”

मला वाटलं आता हे उद्या गावभर होणार. तात्या तर काठी टेकून उभेच राहिले.

“पण तात्या, जीर्णोद्धार कधी झाला?”

“गेल्या साली. लय मोठं केलं की देऊळ. पयला गाभारा केवडा, आन् आता...” तात्या बोलता बोलता थांबले. नवा गाभारा जुन्याच्या उजव्या अंगाला वाढवलेला, कळसही त्याच्याबरोबर उजवीकडं गेलेला.

“तारा हाय तिथं हाय,” सर त्यांच्याच बोलीत म्हणाले. “मारुती सरकलाय. आणि वर्गणी तुमीच दिलीवती.” शेवटी न राहवून त्यांनी हेही सांगितलं की ताराही काही कायमचा तिथला नाही, हजारो वर्षांनी त्याच्या जागी दुसरा येईल. तात्या म्हणाले, “तवा बगू.” आणि आत चहा सांगायला गेले.

पुढं जे झालं ते सरांच्या त्या पद्धतीमुळंच झालं. दरवर्षी ते नववीच्या मुलांना गावामागच्या डोंगरावर घेऊन जात. पठारावर एक काळा कातळ आहे, त्यावर कधीतरी वीज पडलेली. होकायंत्र त्या दगडाजवळ नेलं की काटा गर्रकन फिरतो आणि उत्तर सोडून भलतीकडंच बघायला लागतो. मुलं ओरडतात, मग सर त्यांना बसवून डोंगराची गोष्ट सांगतात. हा सगळा डोंगर एके काळी तापलेला रस होता. गुऱ्हाळात काहिलीतला गूळ साच्यात ओतला की ढेपेवर फडक्याची सुरकुती उठते आणि गूळ निवला की ती तशीच राहते. तसा हा रस निवताना त्यातल्या लोखंडाच्या कणांनी त्या वेळची उत्तर धरून ठेवली. आपल्या ह्या डोंगरांतल्या कितीतरी थरांत ती आजच्या उलट आहे. ते असं खिशातल्या होकायंत्रावर दिसत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. काटा फिरतो तो विजेमुळं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सर मुलांकडून तीनतीनदा म्हणवून घेत.

त्या साली एक हौशी पालक बरोबर आले होते. त्यांनी मोबाईलवर सगळं उतरवलं आणि त्यातलं आवडलेलं तेवढं ग्रुपवर टाकलं. त्यात कानटोपी घातलेले निकम सर दगडावर होकायंत्र धरून खणखणीत आवाजात सांगताहेत: “बघा, काटा फिरला. आपल्या डोंगरानं उलटी उत्तर बघितलेली आहे. आणि आजही ध्रुव सरकतोय. हे खरं आहे. हे कुणी नाकारू शकत नाही.” आणि तिथं तो व्हिडिओ संपतो. ‘पण’ आलाच नाही.

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला वाटलं सर छान बोलले. पुढच्या माणसानं त्यावर ‘कराडच्या भूगोल शिक्षकांनी दाखवला पुरावा’ असं लिहिलं, त्याच्या पुढच्यानं खाली घुमणारं संगीत घातलं, आणि तो व्हिडिओ औंध, विटा करत म्हसवडच्या पुढंपर्यंत गेला. सरांना फोन यायला लागले. एकानं विचारलं, देवघराचं तोंड फिरवायचं का? माणदेशातल्या एका मेंढपाळाचा फोन आला तेव्हा मी शेजारी होते. तो म्हणत होता, “सर, आमी आता मेंढरं कुठल्या अंगाला न्ह्यायची?” सरांनी त्याला विचारलं, “तुम्ही रानात दिशा कशावर धरता?” तो म्हणाला, “दिसाव आन् वाऱ्याव.” सर म्हणाले, “मग होकायंत्राची उत्तर कुठं का जाईना, तुमचा दीस उगवतो तिथंच उगवणार. मेंढरं दरसालच्या वाटेनं न्या.” तो माणूस एवढा मोकळा हसला की मला फोनच्या बाहेर ऐकू आलं.

सरांनी पूर्ण बोलणं असलेला दुसरा व्हिडिओ केला. तो कुणीच पुढं पाठवला नाही. लांब होता, आणि त्यात भीती नव्हती.

मुख्याध्यापक चिडले, आणि त्यांचंही चुकलं असं नाही. “निकम सर, आधीच ‘हे खोटं आहे’ असं म्हणायला काय जातं तुमचं? शाळेचं नाव गेलं सगळीकडं.” मधल्या सुट्टीत सर डबा न उघडता बसून राहिले. मग मला म्हणाले, “बाई, ‘पण’ वाक्याच्या सुरुवातीला घालता येतो का?”

मी म्हटलं, “येतो. पण मग त्याच्या आधीचं वाक्य लोक आपल्या मनानं घालतात.”

“म्हणजे तेही गेलं,” सर म्हणाले.

तेव्हाही मला वाटत होतं की चार दिवस हसतील आणि विसरतील. मग डिसेंबरात एका शनिवारी सरांना त्यांच्या भाचेसुनेचा फोन आला. सरांची थोरली बहीण, सगळे तिला आक्का म्हणत, पाटणच्या वर कोयनेच्या अंगाला राहायची. आदल्या आठवड्यात तिकडं भूकंपाचा लहानसा धक्का बसला होता. तिथं ते नवीन नाही, भांडी वाजतात, माणसं बाहेर येतात, परत आत जातात. ह्या वेळी आक्का परत आत गेली नाही. तिनं भावाचा व्हिडिओ सुनेच्या मोबाईलवर बघितला होता. अंथरूण उचलून ती गोठ्यात गेली आणि तेव्हापासून तिथंच झोपत होती. तिला दम्याचा त्रास, डोंगरातली थंडी, मागच्या हिवाळ्यात एकदा दवाखान्यात ठेवून आणलेली. डॉक्टरांनी गारठ्यात झोपायचं नाही म्हणून बजावलेलं. सून फोनवर रडत होती. “मामा, आमचं कुणाचं ऐकनात. म्हनत्यात, माजा भाऊ संपा सोता म्हनलाय.”

सरांनी मला येता का विचारलं. म्हणाले, “मी बोललो की शास्त्र होतं. तुम्ही बोललात की बोलणं होतं.” एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आम्ही कराडहून सकाळच्या एस.टी.नं निघालो.

गाडीत सर खिडकीकडं बघत बसले होते. पाटण मागं पडल्यावर म्हणाले, “कोयनेच्या मोठ्या भूकंपात आई गेली आमची. मी पाळण्यात होतो. आक्कानं बाहेर काढलं म्हणतात. मला काय आठवणार.” इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी पिशवीतलं संत्रं सोलून निम्मं त्यांच्या हातात दिलं.

आक्का गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर बसलेली. वाळकी, ताठ, नाकात चमकी, अंगावर दोन गोधड्या. खोकली की अख्खी बाज हलायची. सरांना बघून म्हणाली, “आलास व्हय. ह्या कोन?”

“आमच्या शाळेतल्या बाई. मराठी शिकवतात.”

“मंग ह्यास्नी इचार, म्या काय चुकीचं ऐकलं का. तूच म्हनलास न्हवं उत्तर फिरली म्हून? कानटोपी घाललीवतीस.”

सर तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, दूध आधी. मी मनात म्हणत होते, बाबा रे, आज तरी लवकर ‘पण’ म्हण. ते घाईत नव्हते. पोटातलं लोखंड, सरकणारा ध्रुव, डोंगरातली उलटी उत्तर, आणि मग ह्यातल्या कशाचाही जमीन हलण्याशी संबंध नाही, हे. जमीन हलते ती खालच्या भेगांमुळं, इथं तर धरणाच्या पाण्याचाही त्याच्याशी संबंध जोडतात. आक्का मन लावून ऐकत होती. मला वाटतं जन्मात कुणी सरांचं एवढं ऐकलं नसेल.

“बरं,” ती म्हणाली. “ध्रुवानं काय हुत न्हाई. पटलं. मंग आता एवडं म्हन, भूकंप येनार न्हाई. तू म्हन, मी ह्ये हातरून उचलती.”

सून दारात उभी होती. तिनं सरांना डोळ्यांनी खुणावलं, म्हणा. मीही खुणावलं. एवढं एक वाक्य, आणि ती बाई आत जाणार होती, बरी होणार होती.

सर म्हणाले, “आक्का, ते मला म्हणता येत न्हाई.”

“मामा, म्हना की,” सून कळवळून म्हणाली. “रातभर खोकत्यात ओ. तुमचं काय जातंय?”

“उद्या आला तर? कवा येईल ते कुणालाच सांगता येत न्हाई. मी तिला खोटं सांगून भिताडाखाली झोपवू?”

मला त्या क्षणी सरांचा एवढा राग आला की उठून जावंसं वाटलं. समोर माणूस कुडकुडतंय आणि हे आपले खऱ्याला चिकटून बसलेत. आक्का मात्र रागावली नाही.

“नगं म्हनू,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “बाई, त्या येळंला आदी बारकं बारकं धक्कं बसायचं. भांडी वाजायची. आय म्हनायची, पोरं घिऊन भायेर निजू. बा म्हनायचा, काय हुत न्हाई, निजा. रोज म्हनायचा, काय हुत न्हाई. मला त्ये अजून ऐकू येतंय.” एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. सुनेनं पाणी दिलं. सर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग सर उठले, बाह्या दुमडलेल्याच होत्या, आणि घरात शिरले. आक्काची झोपायची जागा जुन्या दगडमातीच्या भिंतीला लागून होती. डोक्यावर माळा, माळ्यावर जातं, पाटा, जुनी पितळी हंडी. भाचा आणि सर मिळून एकेक जड वस्तू खाली उतरवू लागले. मी आणि सून त्या अंगणात ओढत होतो. मागल्या बाजूला सुनेनं हट्टानं बांधून घेतलेली नवी खोली होती, विटांची, सिमेंटच्या पट्ट्या घातलेली, वर पत्रा. सरांनी तिच्या भिंती हातानं चाचपल्या, कोपरे बघितले, कपाट भिंतीला आवळून बांधायला लावलं, घरातली दुसरी बाज आणून दाराच्या सरळ रेषेत मांडली. दाराची आतली कडी काढूनच टाकली. बाहेर येऊन आक्काला म्हणाले, “येणार न्हाई असं म्हणत न्हाई. आला तर हितं अंगावर पडण्यासारखं काय न्हाई, आणि दार चार पावलांवर हाय. एवढंच माझ्या हातात हाय.”

“बगती,” आक्का म्हणाली, आणि बाजेवरून हलली नाही.

जेवणं झाली. नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी. आक्काचं ताट गोठ्यातच नेलं. माझ्या एस.टी.ला वेळ होता. सर पार थकले होते, डोंगराचा रस्ता, ओझी, आणि त्याहून जास्त ते न बोललेलं एक वाक्य. ते नव्या खोलीत गेले, आक्कासाठी मांडलेल्या बाजेवर आडवे झाले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. दार उघडंच होतं. त्या दिवसापासून सर तिथंच राहिले. शाळेतून त्यांनी शिल्लक रजा काढली, ती संपताच निवृत्ती होती. पुढं म्हैससुद्धा टेम्पोत घालून त्यांनी तिकडंच नेली. फोनवर बोलणं व्हायचं, पण भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं, तोंड उघडं टाकून झोपलेलं.

मी ओट्यावर बसून होते. थोड्या वेळानं आक्का बाजेवरून उठली. एक गोधडी खांद्यावर टाकली, दुसरी काखेत धरली, अंगण ओलांडलं आणि नव्या खोलीच्या दारात घटकाभर उभी राहिली. मग आत गेली. बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर गोधडी अंथरली आणि सरांच्या पावलावर हात ठेवून भिंतीला न टेकता बसली.

सून माझ्याकडं बघून रडायला लागली. मी दारापाशी जाऊन हळूच म्हटलं, “आक्का, बरं केलंत. पटलं ना सरांचं?”

आक्कानं मान हलवली, नाही म्हणून. आवाज न करता म्हणाली, “ह्येची झोप लय जड हाय, बाई. बारीकपनापास्नं. धक्का बसला तर ह्येला भायेर कोन काडनार?”